अंडं नाही तर पैसे परत

स्टुडिओ म्हणजे रेडिओ केंद्रामागची कोळशाची जुनी खोली.
आवाज घुमू नये म्हणून भिंतींना
अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवलेत, आढ्यापर्यंत.
चाल्यापाता गावात शांतता अशी विकत मिळते:
तासाला चाळीस बोलिव्हियानो, हीटर वेगळा.

आम्ही चौघं.
चारांगोवर निकासिया,
पाव्यांवर तिचा भाऊ वाल्तेर, ज्याचा दम
अजून खाणीतल्या धुळीशी भांडतो,
कॉन्सर्टिनावर फोर्तुनातो, पेशानं न्हावी,
आणि बोंबो बडवणारा मी.
अल्बमला अकरा वर्षं लागली.
जाहिरातीला मिळाले वीस सेकंद.

एउलोखियाबाई काचेपलीकडून म्हणाल्या,
“रडकं काही नको. पहाटे पाचला लोक बटाटे सोलत ऐकतात.
हसवा. नाहीतर मी आपली सेलची जाहिरात लावते.”

आधी वाल्तेर कंडक्टर झाला:
“ओरुरो, ओरुरो, ओरुरो! बसायला जागा नाही, पण गाणी आहेत!”
इतकं हुबेहूब, की बाहेरून एक म्हातारा
गाठोडं घेऊन आत आला आणि तिकीट मागू लागला.
मग निकासियानं लटक्या रागानं विचारायचं,
“तुझं प्रेम माझ्यावर, की या सीडीवर?”
फोर्तुनातोनं म्हणायचं फक्त, “दोघींवर.”
सात टेक झाले. सातही वेळा
त्याला आठवलं, की त्याची बायको हेच केंद्र ऐकते,
आणि शब्द घशातच बसून राहिला,
खुर्चीतल्या गिऱ्हाइकासारखा, हलेना.

तेव्हा मी, ज्याला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं,
माइकजवळ तोंड नेऊन म्हणालो,
“ही सीडी कोंबडीला ऐकवा. रोज दोन अंडी.
नाही दिली, तर पैसे परत.”
एकाच टेकमध्ये.
मागचं हसू कापायचं राहिलं, म्हणून तेही गेलं.

नऊ दिवस आम्ही वाजलो,
हवामान आणि निरोपांच्या मधे:
उद्या दंव पडेल, चुन्यो पसरून ठेवा.
एलेउतेरिओ, तुझी आई गेली, दुपारच्या गाडीनं ये.
आणि लगेच माझी कोंबडी.
त्या दिवशी मी रेडिओ बंद करून
बराच वेळ अंगणात उभा होतो.

दहाव्या दिवशी सिप्रियानाबाई आल्या.
आटलेल्या तळ्याकाठचं गाव, चार तासांची वाट.
पाठीवरच्या रंगीत शालीतून बाहेर डोकावणारं, रागावलेलं एक डोकं.
टेबलावर त्यांनी आधी सीडी ठेवली, मग कोंबडी.
“चार दिवस ऐकवली. दोन राहू दे,
आधी एक द्यायची, तेही बंद.”

कोंबडीनं मान वाकडी करून भिंती पाहिल्या.
खळगेच खळगे, शेकडो, सगळे रिकामे.
तिच्या मनात काय आलं असेल ते आलं असेल,
आम्हाला मात्र खालच्या माना वर करवेनात.

मग निकासिया म्हणाली, “मशीनचा भरवसा काय? समोर वाजवू.”
वाजवलं. पहिल्या गाण्याला तिनं टेबलावर घाण केली.
दुसऱ्याला पंख झाडले.
तिसरं संथ होतं. वाल्तेरचा दम मधेच तुटला,
तिथं आम्ही थांबलो, त्यानं श्वास घेतला, पुन्हा धरलं.
कोंबडीची पापणी खालून वर सरकली.
काचेपलीकडचा लाल दिवा कधी लागला,
कुणाच्या लक्षात आलं नाही.

अंडं नाहीच.
चौघांच्या खिशांतून तीस बोलिव्हियानो निघाले, बरीचशी नाणी.
बाईंनी दोनदा मोजली, पदराच्या गाठीत बांधली,
शाल खांद्यावर घेतली, कोंबडी शालीत,
आणि सीडीसुद्धा उचलली.
“ती कशाला?” फोर्तुनातोच्या तोंडून गेलं.
“कोंबडीला आवडत नाही,” त्या म्हणाल्या. “मला आवडते.”

आता पहाटे पाचला तेच लागतं:
थोडं कुटकुट, मग बाईंचं वाक्य.
वीस सेकंदांतले चार उरतात.
एउलोखियाबाईंनी विचारलं, इथं बोंबो टाकू का?
मी म्हटलं, नको, असू दे.